ठेवलेलं नाव आणि पडलेलं नाव

नरनाळ्याच्या नऊगजी तोफेपाशी उभं राहून माझ्या भाचीनं मला पेचात टाकलं. पाचवीतली पोर. शहानूरहून वर आलो होतो, डब्यात भाकर अन् ठेचा होता, आणि मी अगदी मास्तरकीच्या सुरात सांगत होतो की नऊ गज लांब म्हणून हिला नऊगजी म्हणतात. तिनं तोफेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मामा, आजीचं लुगडंबी नऊ वारच हाय ना? मंग हे तोफ लुगड्याएवढीच झाली."

"झाली की."

"मंग पुढच्या खेपी लुगडं आनू अन् मोजू."

लुगडं काही अजून गडावर गेलेलं नाही, पण तिच्या बोलण्यानं माझ्या डोक्यात भुंगा सोडला. आजच्या हिशेबानं गज म्हणजे तीन फूट. नऊ गज म्हणजे २७ फूट. आता नरनाळा सोडून कलबुर्गीच्या किल्ल्यात चला. तिथल्या अजस्र तोफेला 'बारा गजी' म्हणतात. बारा त्रिक छत्तीस. पण ती तोफ २९ फुटांच्या आसपास भरते. म्हणजे तिथला गज अडीच फुटांचाही नाही! बसवकल्याणच्या किल्ल्यात आणखी एक 'नवगज' तोफ आहे. उत्तरेत गेलात तर ठिकठिकाणी 'नौगजा पीर' भेटतात, तिथं कबरच नऊ गजांची असते.

याचं एक सरळ कारण आहे. जुन्या काळी गज एक नव्हता. कापडाचा वेगळा, जमिनीचा वेगळा, गवंड्याचा वेगळा. अकबरानं या गोंधळाला आळा घालायला 'इलाही गज' ठरवला, तो साधारण ३३ इंचांचा. पण दुसरं कारण मला जास्त खरं वाटतं. नऊ काय, बारा काय, हे आकडे मोजपट्टीवरून कमी आणि ताणलेल्या हातांवरून जास्त आलेले आहेत. लहान पोर दोन्ही हात फाकवून "एवढ्ढा साप!" म्हणतं ना, तसं. पैनगंगेवरच्या आपल्या सहस्रकुंडात कुणी हजार कुंडं मोजली आहेत का? खडकातून पाणी इतक्या वाटांनी फुटतं, की मोजणारा थकतो आणि 'सहस्र' म्हणून मोकळा होतो. नर्मदेवर मंडल्याजवळ एक सहस्रधारा आहे, महेश्वरजवळ दुसरी आहे, तिकडे डेहराडूनला तिसरी. तिघींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. मोजणारे मात्र सगळीकडे सारखेच थकले.

इथून पुढे जायचं तर आधी आमच्या गावातले रामदास समजून घ्यावे लागतील. ते तीन आहेत. रेशनकार्डावर तिघंही रामदासच. पण गावात एक 'मोटर रामदास', कारण बोलायला लागला की लाइन जाईपर्यंत थांबत नाही. दुसरा 'उद्या रामदास'. त्याला कोणतंही काम सांगा, उत्तर ठरलेलं. तिसरा उंच आहे, तो 'टॉवर'. त्याचं रामदास हे नाव आता फक्त बँकेला माहीत असावं.

रामदास हे ठेवलेलं नाव. बारशाला, पाळण्यात, आत्यानं कानात सांगून ठेवलेलं. मोटर, उद्या, टॉवर ही पडलेली नावं. मराठीत ही दोन क्रियापदं किती नेमकी आहेत पाहा. नाव ठेवायला कुणीतरी अधिकाराचा माणूस लागतो: आई-बाप, राजा, सरकार. पडायला कुणी लागत नाही. ते आंब्यासारखं पिकतं आणि पडतं. ('नावं ठेवणं' याचा दुसरा अर्थ आपल्याकडे काय होतो, तेही विसरू नका.)

आणि दोन्ही नावं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. ठेवलेलं नाव सांगतं, हा कोण. पडलेलं नाव सांगतं, हा आमच्याशी कसा वागतो. म्हणूनच तोफ, नदी, धबधबा आणि गाव या चार गोष्टींत दिसायला काहीही साम्य नसलं तरी त्यांना एकाच घाटाची, कधी तर अगदी एकच नावं पडलेली दिसतात. त्या सारख्या नाहीत, पण माणसाशी वागल्या सारख्या.

कानापासून सुरू करू. लाहोरला संग्रहालयासमोर 'झमझमा' नावाची तोफ आहे. अब्दालीचा वजीर शाह वली खान यानं १७५७च्या सुमारास ती ओतवून घेतली, आणि तिच्यासाठी लागलेलं तांबं-पितळ लोकांच्या घरातल्या भांड्यांतून गोळा केलं होतं असं सांगतात. १७६१ साली पानिपतावर ती आपल्या विरुद्ध बाजूला उभी होती. झमझमा या शब्दात गडगडाटाचा अर्थ आहे. उच्चारला तरी कानात घुमतो. विजापूरच्या मलिक-ए-मैदान तोफेची जोडीदार म्हणून 'कडक बिजली'चं नाव घेतात. ती आणताना वाटेत नदीत बुडाली अशी तिकडची कथा. वीज पाण्यात पडली, म्हणायचं.

आता तोफ सोडा, पाण्याकडे या. जबलपूरजवळ भेडाघाटला नर्मदा जिथं उडी घेते, तो 'धुवांधार'. तुषारांचा धूर आणि कानठळ्या. नागपूर-भंडाऱ्याची माणसं भेडाघाटला नेहमी जातात, त्यांना सांगायला नको. तिकडे आफ्रिकेत झांबेझी नदीचा प्रपात आहे. १८५५ साली लिव्हिंग्स्टननं तो पाहिला आणि आपल्या राणीचं नाव देऊन टाकलं: व्हिक्टोरिया. हे ठेवलेलं नाव. तिथले लोक त्याला आधीपासून 'मोसी-ओआ-तुन्या' म्हणत होते. अर्थ, गडगडणारा धूर. १०८ मीटर खोल आणि दीड किलोमीटरहून जास्त रुंद, लांबूनच धुराचे खांब दिसतात.

धूर आणि गडगडाट. हे तोफेचंच वर्णन झालं की नाही? पण हे नाव पाडणाऱ्यांना त्यासाठी तोफ पाहावी लागली नव्हती, आणि झमझमाचं नाव ठेवणाऱ्यांना झांबेझी ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. कान मात्र दोघांचे सारखे. पुढे हा शब्द आपल्याकडे माणसांवरही येऊन बसला. पाऊस धुवांधार, भाषण धुवांधार, फलंदाजी धुवांधार. एकदा नाव पडलं की ते मूळ जागेवर थांबत नाही.

त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण मुलूखमैदान. मूळ नाव मलिक-ए-मैदान, म्हणजे रणाचा धनी. १५४९ साली अहमदनगरला निजामशाहीत मुहम्मद बिन हसन रूमी नावाच्या तुर्की कारागिरानं ती ओतली. वजन सुमारे ५५ टन. तोंडाशी सिंहाचा जबडा, आणि त्या जबड्यात चिरडलेला हत्ती. नगरहून परांड्याला, परांड्याहून १६३२ मध्ये विजापूरला, असा तिचा प्रवास. पुढे इंग्रजांनी तिचा लिलाव पुकारला तेव्हा दीडशे रुपयांची बोली आली होती, असं सांगतात. नशीब, व्यवहार झाला नाही. आजही लोक तिला हात लावून इच्छा मागतात.

पण मराठी माणसाच्या तोंडी 'मलिक' बसला नाही. तो आपल्याला ओळखीचा शब्द नव्हता. 'मुलूख' होता. झालं, मलिक-ए-मैदानची मुलूखमैदान झाली. आणि नाव बदलताच अर्थही नवा उगवला: मुलूखभर गाजणारी, मैदान मारणारी. मग गर्जणाऱ्या वक्त्याला आपण 'मुलूखमैदानी तोफ' म्हणायला लागलो. तुमच्या तालुक्यातही अशी एखादी असेल, निवडणुकीत दिसते. अनोळखी शब्दाला ओळखीच्या शब्दाचा सदरा चढवायचा, याला भाषेचे अभ्यासक लोकव्युत्पत्ती म्हणतात. नाव समजत नसेल तर लोक ते टाकून देत नाहीत, समजेल असं करून घेतात.

चिखलदऱ्याचं तसंच. 'कीचकदरा' हे मूळ, असं आपल्याकडे सांगतात: भीमानं कीचकाला मारून त्या दरीत फेकलं आणि भीमकुंडात हात धुतले. पावसाळ्यात मोथ्याच्या वाटेनं चढून गेलेला माणूस मात्र शपथेवर सांगेल की या गावाचं नाव चिखलावरूनच पडलंय. बुटांचा पुरावा देईल. कथा आणि चिखल दोन्ही तिथंच आहेत, त्यामुळे हा वाद कधी मिटायचा नाही.

दौलताबादच्या किल्ल्यावर मात्र ठेवलेलं आणि पडलेलं नाव एकाच तोफेवर शेजारी शेजारी सापडतं. औरंगजेबाच्या काळातली ही तोफ. तिचं दरबारी नाव 'किला शिकन', म्हणजे किल्ले फोडणारी. तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं घडवलं आहे. लोकांनी फारसी बाजूला ठेवली आणि म्हटलं, 'मेंढा तोफ'. आज तुम्ही तिथं जाऊन किला शिकन विचारा, वाटाड्या क्षणभर थांबेल. मेंढा म्हणा, लगेच हात करेल. बादशहाला ती काय करते याचा अभिमान होता. गुरं राखणाऱ्याला ती कशासारखी दिसते एवढंच हवं होतं.

'किल्ले फोडणारी' या नावाची सख्खी बहीण बंगालात आहे, आणि ती नदी आहे. पद्मेच्या एका प्रवाहानं काठावरच्या राजाच्या इमारती, देवळं गिळली, तेव्हा तिला नाव पडलं 'कीर्तिनाशा'. माणसानं कीर्तीसाठी बांधलं, ते नदीनं नासलं. तोफेला तेच काम करायला बारूद लागते, नदीला एक आषाढ पुरतो. कोसीला 'बिहारचा शोक' म्हणतात, दामोदरला 'बंगालचा शोक', पिवळ्या नदीला 'चीनचा शोक'. या तिन्ही नद्यांत एक गोष्ट समान आहे: गाळ. डोंगरातून आणलेला गाळ सपाटीवर आल्यावर त्या तळाशी टाकतात, पात्र उथळ होत जातं आणि मग एके वर्षी नदी काठ सोडून दुसरीकडेच चालायला लागते. कोसी गेल्या दोन-अडीचशे वर्षांत शंभर किलोमीटरहून जास्त पश्चिमेला सरकली. ऑगस्ट २००८ मध्ये नेपाळात कुसहाजवळ तिचा बांध फुटला आणि ती आपल्या जुन्या वाटेनं बिहारात उतरली, जिथं लोकांनी तोवर गावं वसवली होती. दामोदरवर १९४८ नंतर धरणं झाली, पूर पूर्वीसारखे राहिले नाहीत. नाव मात्र शाळेच्या पुस्तकात तसंच राहिलं. वाईट नाव पुसायला धरणही कमी पडतं, हे आमच्या उद्या रामदासला विचारा. गेल्या दोन वर्षांत तो बराच सुधारलाय.

आता एक नाजूक विषय. तोफांना बायकांची नावं फार. एडिनबरोच्या किल्ल्यावर १४४९ साली घडवलेली 'मॉन्स मेग' आहे. बेल्जियममधल्या गेंट गावात 'डुले ग्रीट' आहे, म्हणजे वेडी ग्रीट. जर्मनांची 'फाउले ग्रेटे' होती, म्हणजे आळशी ग्रेटा. एवढं वजन, जागची हलेना म्हणून आळशी. मेग, ग्रीट, ग्रेटा ही तिन्ही मार्गारेट या एकाच नावाची लाडकी रूपं. आपल्याकडे सगळ्या भांडखोर तोफांना मथी किंवा मथुरा म्हणावं तसं. पहिल्या महायुद्धात १९१४ साली जर्मनांनी ४२ सेंटिमीटर तोंडाची जी तोफ आणली, तिला 'जाडी बर्था' नाव पडलं. ज्या क्रुप कारखान्यात ती झाली त्याची मालकीण बर्था क्रुप. तिला काय वाटलं असेल?

आणखी पुढची गंमत अशी की इंग्रजीतला 'गन' हा शब्दच, बहुतेक कोशकारांच्या मते, गुनिल्डा या बाईच्या नावावरून आला. १३३०च्या सुमाराच्या विंडसर किल्ल्याच्या यादीत एका प्रचंड यंत्रधनुष्याची नोंद 'बाईसाहेब गुनिल्डा' अशी आहे. हे मी आमच्या ताईला, म्हणजे भाचीच्या आईला, सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "हो ना, आवरत नाही त्याले बाईचं नाव देऊन द्यायचं. नदी बाई, तोफ बाई, आग बाई. धबधबा तेवढा बाप्या." मी म्हटलं, नळदुर्गला जा. तिथं पाणीमहालाच्या बंधाऱ्यावरून बोरी नदीचं पाणी दोन धारांनी पडतं, एक 'नर' आणि एक 'मादी'. त्याच किल्ल्याच्या उपळ्या बुरुजावर हत्ती तोफ आणि मगर तोफ आहेत. आणि गावाचं नाव नळ-दमयंतीच्या नळाशी जोडतात. तोफ, नदी, धबधबा, गाव, सगळी टोपणनावं एकाच कोटात! ताई म्हणाली, "नळाचं नाव दिलं गावाले, दमयंतीचं काऊन नाही दिलं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी भाकर उचलली.

स्वयंपाकघरावरूनच आठवलं. उंच कमानीत गोळा फेकणाऱ्या बुटक्या तोफेला आपण उखळी तोफ म्हणतो. इंग्रजांनीही तिला उखळच म्हटलं, फारसीतही उखळच. आणि उंटावर बसवायच्या छोट्या तोफेला जंबुरा म्हणत, ज्याच्या मुळाशी गांधीलमाशी आहे. लहान, उडती, चावरी. नदीकडे वळा तर निघोजला कुकडीनं खडकात कोरलेले खळगे 'रांजणखळगे' आहेत. गोटे भोवऱ्यात गरगर फिरून खडक झिजवतात आणि रांजण तयार होतो. नाव पाडणाऱ्यांनी लांब पाहिलंच नाही, चुलीभोवती जे होतं ते उचललं.

मेळघाटात तर आपल्याला मराठीचंही बोट सोडावं लागतं. खंडू, खापरा, सिपना, गडगा, डोलार या तिथल्या पाच नद्या, सगळ्या तापीकडे जाणाऱ्या. सिपना हे नाव मराठी माणसाला गोड लागतं पण कळत नाही. कोरकू भाषेत सिपना म्हणजे सागवान. सागाची नदी. आपण 'स्वप्ना'शी जुळवायला जावं तर तो दुसरा मलिक-मुलूख होईल. तिकडे गडचिरोलीत एका नदीला गाढवी म्हणतात, शेजारी खोब्रागडी, कठाणी. यांचे अर्थ मराठी कोश उघडून ठरवू नयेत, आधी तिथल्या गोंड म्हाताऱ्यांना विचारावं. निम्म्या चुकीच्या व्युत्पत्ती शहरातल्या खुर्चीवर बसून झाल्या आहेत.

आता गावांची टोपणनावं. इथं मामला उलटा आहे. तोफेचं आणि नदीचं नाव भीतीतून पडतं, गावाचं बहुतेक वेळा हौसेतून. आणि हौस म्हटली की उसनवारी आलीच. शेगावला 'विदर्भाची पंढरी' म्हणतात. नागपूर जिल्ह्यातल्या धापेवाड्यालाही 'विदर्भाची पंढरी' म्हणतात, तिथं विठ्ठल-रुक्मिणीचं देऊळ आहे आणि शेजारून वाहणाऱ्या नदीचं नावही चंद्रभागा. पण पंढरपूरची चंद्रभागा तरी कुठं मूळची चंद्रभागा आहे? ती भीमा. पंढरपुराशी तिला चंद्रकोरीसारखं वळण, म्हणून तेवढ्या तुकड्यापुरती चंद्रभागा. तिकडे पंजाबातली चिनाबही जुन्या काळी चंद्रभागाच. म्हणजे धापेवाड्यानं पंढरपुराकडून जे उसनं घेतलं, ते पंढरपुराचंही पडलेलंच नाव होतं.

'भारताचा नायगरा' या पदासाठी तर रांग आहे. बस्तरमधलं चित्रकोट, तमिळनाडूतलं होगेनक्कल, केरळातलं अथिरापल्ली. चित्रकोट आपल्याला जवळचं, कारण ती इंद्रावती. पुढे तीच गडचिरोलीच्या सीमेवरून वाहत सोमनूरला गोदावरीत मिळते. पावसाळ्यात चित्रकोट जवळपास ३०० मीटर रुंद होतो, घोड्याच्या नालासारखा वाकलेला, म्हणून नायगराची आठवण येते. उंची मात्र तीसेक मीटर, नायगराच्या नालाची ५७. तुलना आकाराची आहे, मापाची नाही. टोपणनावात एवढी सूट द्यावी लागते.

'मँचेस्टर' मात्र मला टोचतं. अहमदाबाद पूर्वेचं मँचेस्टर, कानपूरही पूर्वेचंच, कोइंबतूर दक्षिणेचं, इचलकरंजी महाराष्ट्राचं. पण १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी झाली, तिकडचा कापूस अडला, तेव्हा खऱ्या मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस लागला. खामगाव, अमरावतीच्या बाजारावर तिकडच्या व्यापाऱ्यांचा डोळा होता. ज्यांनी सूत कातलं त्यांच्या नावानं चार-चार गावं मिरवतात. ज्यांनी कापूस वेचला त्यांच्या वाट्याला आलं 'पांढरं सोनं', तेही गावाला नाही, बोंडाला. संत्र्याचंही तेच. नागपूर संत्रानगरी. २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेही 'नागपूर संत्रा' म्हणून. बागा कुठं आहेत? वरूड, मोर्शी, काटोल. वरूड-मोर्शीकरांना मग 'विदर्भाचा कॅलिफोर्निया' म्हणून समाधान मानावं लागतं. एक टोपणनाव शेजाऱ्यानं नेलं, दुसरं सातासमुद्रापलीकडून आणावं लागलं. त्यातल्या त्यात खामगावचं बरं. चांदीच्या व्यापारावरून 'रजतनगरी', स्वतःच्या कमाईचं नाव.

सारख्या नावांचा त्रास कुणाला होत असेल तर तो पोस्टमनला. गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या एका खेड्यात राहायला गेले. त्या खेड्याचं नाव शेगाव. इकडे गजानन महाराजांचं शेगाव आधीपासून प्रसिद्ध. पत्रं इकडची तिकडे जायला लागली. शेवटी १९४०मध्ये गावाचं नाव बदलून 'सेवाग्राम' केलं. जगभर पोचलेल्या या नावामागे पत्त्याचा घोळ आहे, हे मला फार आवडतं.

नाव न बदलता वाट काढायची तर वऱ्हाडी युक्ती पाहा. अमरावती जिल्ह्यात दोन चांदूर. एकात रेल्वे आली, ते चांदूर रेल्वे. दुसऱ्यात बाजार भरतो, ते चांदूर बाजार. दोन अंजनगावं: एक सुर्जी, एक बारी. सुर्जी-अंजनगाव म्हणजे १८०३च्या डिसेंबरात गाविलगड पडल्यावर शिंद्यांनी इंग्रजांशी जिथं तह केला तेच. आणि दोन वाड्या एकाच नावाच्या झाल्या की बुद्रुक अन् खुर्द. फारसीतून आलेले थोरला अन् धाकटा. हे सगळे आमच्या रामदासांचेच भाऊबंद. मूळ नाव एकच, म्हणून पुढे एक खूण लावायची, आणि काही पिढ्यांनी ती खूण हेच नाव. चांदूरचा माणूस "मी रेल्वेचा" म्हणतो तेव्हा तो गँगमन आहे असं समजू नये.

भाचीला हे सगळं एका बसणीत सांगणं शक्यच नव्हतं. तिला वहीत लिहायला एक उदाहरण हवं होतं, तेही 'आपल्या गावचं'. त्या दिवसांत सोयाबीनची काढणी सुरू होती, खळ्यावर यंत्र लागलं होतं. शहरातले त्याला थ्रेशर म्हणतात, आमच्याकडे ते हडंबा. ट्रॅक्टरच्या मागं धडधडतो, एकीकडून झुडपं गिळतो, दुसरीकडून कुटार ओकतो, कान बधिर करतो. ती बराच वेळ धुरळ्यात उभी राहून बघत होती. मग म्हणाली, "मामा, हे नाव हिडिंबेवरून पडलं असंन."

मी म्हटलं, असं लगेच ठरवू नये, यंत्रवाल्याला विचारू. यंत्रवाला बाहेरगावचा. त्यानं रुमाल तोंडावरून खाली केला आणि सांगितलं की त्याच्या गावातही हडंबाच म्हणतात, त्याचा बापही म्हणायचा, आता बाजूला सरका, पेंढी टाकायची आहे.

भाचीनं वही उघडली आणि लिहिलं, "हडंबा: भीमाच्या बायकोवरून." खाली चित्र काढलं. चित्रात यंत्राला दात होते आणि हातात बांगड्या.